ट्रे वाळेपर्यंत

“वहिनी, ह्याला पाणी लागलंय.”

शौकत बाथरूमच्या दारात पालथा पडून ट्रेच्या भोकात बॅटरीचा उजेड मारत होता. मी मागे पदर खोचून उभी होते. लॅबला जायला उशीर झाला होता आणि गॅसवर अण्णांची पेज उतू जायच्या बेतात होती.

“पाणी लागलंय म्हणजे?”

“म्हंजे वाळायच्या आधीच कुणीतरी पाणी सोडलंय. आन् वर बसलंय पण. हे बघा.” त्यानं जाळीच्या कडेचं पांढरं सिलिकॉन नखानं उचललं. दुधावरची साय निघावी तसं ते अख्खं निघून आलं. “ट्रेवर वजन पडलं की ट्रे दबतो, खालचा सांधा सुटतो. मी काय म्हणलो होतो? एक दिवस, एक रात, थेंब न्हाई.”

“आम्ही थेंब नाही सांडला. घरात माणसं दोन. मी काल लॅबमधल्या नळावर तोंड धुतलंय, आणि अण्णा आंघोळीशिवाय चहा प्यायले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा.”

“मग भुतानं केली आसंल आंघोळ,” शौकत म्हणाला आणि कपडे झटकत उठला.

मला त्याचा राग आला, पण त्याचंही खरं होतं. ही दुसरी खेप होती. आधी ट्रे बसवला तेव्हा सांधा गळला, म्हणून त्यानं तो उकलून पुन्हा भरला. आता तोही गेला.

हा ट्रे म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची, सुहासभावजींची, पुण्याहून आलेली भेट. दिवाळीआधी अण्णा, म्हणजे माझे सासरे, बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही, पण गुडघे कामातून गेले. मग भावजींनी हा फायबरचा शॉवर ट्रे पाठवला. कड अगदी बुटकी, आत बसायला स्टूल, भिंतीला धरायला दांडा, हातात धरून अंगावर घ्यायचा शॉवर. अण्णा खूश झाले. ट्रे ज्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला होता ते प्लास्टिकसुद्धा त्यांनी घडी करून आपल्या खोलीत नेलं. “कामाला येतं,” म्हणाले. कऱ्हाडच्या एसटी डेपोत उभा जन्म वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस, सुतळीचा तुकडाही टाकायचा नाही.

ट्रे देखणा होता, पण आमच्या जुन्या बाथरूमच्या पाणी जायच्या भोकावर, म्हणजे नहाणी ट्रॅपवर, तो नीट बसेना. ट्रेचं भोक आणि खालचा ट्रॅप यांच्यामध्ये बोटभर फट राही. ती शौकतनं रबराच्या वायसरनं आणि सिलिकॉननं बुजवायची, ते वाळायचं आणि मग पाणी सोडायचं, एवढंच काम होतं. एवढंच काम होत नव्हतं आणि पाणी खाली गलांडेकाकूंच्या बाथरूममध्ये ठिबकत होतं.

गलांडेकाकू वाईट बाई नव्हती. पण तुमच्या घरातलं आंघोळीचं पाणी दुसऱ्याच्या डोक्यावर पडायला लागलं की चांगुलपणाही किती टिकणार?

“उज्ज्वला, माझी आंघोळ होते आणि वरून तुमच्या आंघोळीचा थेंब टाळूवर पडतो,” त्या जिन्यात गाठून म्हणायच्या. “की मी पुन्हा आंघोळ करते. किती वेळा करू सांग? पाणी एक दिवसाआड येतंय.”

आता तर त्यांच्या छताचा गिलावा फुगला होता. सोसायटीचे सेक्रेटरी भस्मेसर, निवृत्त मुख्याध्यापक, येऊन काठीनं तो टोचून बघून गेले आणि निकाल देऊन मोकळे झाले. अजून एकदा बघू, नाहीतर येत्या रविवारपासून अख्खं बाथरूम फोडायचं, खालपासून नवं करायचं. पंधरा-वीस दिवस तरी घरात नहाणी नाही.

त्या पंधरा-वीस दिवसांत अण्णांचं काय करायचं, याचं उत्तर सुहासभावजींकडे तयार होतं. फोन स्पीकरवर होता, अण्णा शेजारीच खुर्चीत होते.

“अण्णांना इकडं आणतो मी रविवारी. आमच्या घराजवळच एक जागा आहे, ज्येष्ठांसाठीच. दिवसरात्र बाई असते, डॉक्टर येतो. पंधरा दिवस राहून बघू देत. आवडलं तर पुढचं पुढं.”

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मी फोन ठेवेपर्यंत हेच चाललं होतं. मग म्हणाले, “सूनबाई, ते नहाणीचं काम तेवढं नीट होऊ दे.”

“होईल हो. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे.”

“तसं नाही.” त्यांनी चष्मा लावला. “त्या मार्गावर जायची गाडी आहे. परतीची नाही.”

खरं सांगायचं तर मला त्या पंधरा दिवसांची स्वप्नं पडायला लागली होती. माझे यजमान साखर कारखान्यात केमिस्ट, हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने तिकडं मराठवाड्यात. मुलगी लग्न होऊन नांदेडला. सकाळी अण्णांची पेज, औषधं, आंघोळीची तयारी, मग पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त आणि लघवी, संध्याकाळी पुन्हा घर. पन्नाशी ओलांडली होती. मी झोपायचे म्हणजे कोसळायचे. सकाळी कुणी हाक मारणार नाही, दार लावून निजून राहायचं, नुसत्या या विचारानंच माझे खांदे सैल व्हायचे. म्हाताऱ्या माणसाला घालवून द्यायची माझी इच्छा नव्हती. मला झोप हवी होती. पण ती मिळायची तर त्यांना त्या गाडीत बसवावं लागणार होतं.

तर त्या सकाळी शौकतनं सांधा पुन्हा खरवडला, पुसला, वाळवला आणि तिसऱ्यांदा सिलिकॉन भरलं.

“हे शेवटचं, वहिनी. आता गळलं तर मला बोलवू नका, सरळ फोडायला माणसं बोलवा.” आणि आवाज उतरवून, अण्णांच्या खोलीकडे मान करत म्हणाला, “म्हातारबाबा पहाटेचं उठत्यात न्हवं?”

शंका मलाही होतीच. अण्णांचं आंघोळीचं वेड मी लग्न होऊन आल्यापासून बघत होते. अंगावर पाणी घेतल्याशिवाय देवाला हात नाही, चहाला तोंड नाही. ताप असला तरी नाही. असा माणूस दोन-दोन दिवस बिनआंघोळीचा गुमान चहा पितो, हे काही मला पटत नव्हतं. आणि अलीकडे त्यांच्या खोलीत पहाटेपासून उदबत्तीचा आणि कापराचा घमघमाट असायचा. देव तर हॉलमध्ये होते. हे खोलीत कसली पूजा करतात, असं एकदा माझ्या मनात आलंही होतं, पण मला विचार करायला तरी वेळ कुठं होता! मला वाटलं, चोरून आंघोळ करून चोरून जप चालला असणार. एकीकडे पुण्याला जायचं नाही म्हणायचं आणि दुसरीकडे सोवळ्यापायी घराचं बाथरूम फोडायची वेळ आणायची. म्हटलं, उद्या रंगेहाथ पकडते.

दूधवाला यायच्या आधीच मला जाग आली. खिडकीत जेमतेम फटफटत होतं. बाथरूमकडून पाण्याचा आवाज येत होता, अगदी बारीक. मी अनवाणीच गेले. दार लोटलेलं होतं. अण्णांना आतली कडी लावता यायची नाही.

मी फटीतून बघितलं.

अण्णा ट्रेमध्ये स्टुलावर बसले होते. उघडे, कमरेला कोरडा पंचा. आंघोळ वगैरे काही चाललेली नव्हती. मांडीवर त्यांची चादर होती. तिचा मधला भाग मुठीत धरून ते त्याला साबण लावत होते, हळूहळू, एका जागी. पायाशी पिळून ठेवलेलं धोतर होतं. दांड्यावर ते ट्रेचं जाड प्लास्टिक धुऊन वाळत घातलं होतं. शॉवर त्यांनी एवढाच सोडला होता की धार जेमतेम पडावी. मधूनच ते तोही बंद करत आणि मान वळवून माझ्या खोलीच्या दिशेनं कानोसा घेत. मग पुन्हा थोडं पाणी.

मी मागं सरले. भिंत धरून खोलीत आले आणि पलंगावर बसले.

दिवसभर लॅबमध्ये मी लघवीच्या वासात काम करत होते आणि माझ्या घरात तो उदबत्तीखाली झाकला जात होता. संडासातल्या खालच्या नळाशी त्यांना वाकता येत नव्हतं. बसून धुता येईल अशी घरात ही एकच जागा होती. सिलिकॉन वाळलं नाही तर पुण्याला जावं लागणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ते त्या ट्रेमध्ये बसले होते. मला ओली चादर दिसण्यापेक्षा त्यांनी तो सांधा मोडणं पत्करलं होतं.

मला रडू आलं. आणि रागही आला, खोटं कशाला बोलू? आता हेही, असं मनात आलं. पेज, औषधं, आणि आता हेही. पुण्याला पाठवायला यापेक्षा चांगलं कारण कुणाला मिळणार होतं? नुसता भावजींना फोन करायचा होता. कुणीही मला नावं ठेवली नसती.

तेवढ्यात फडक्यानं ट्रे पुसल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, कोपरे धरून. मग दांड्याचा आधार घेत उठताना दाबलेलं कण्हणं. मग पावलं. थोड्या वेळानं कापराचा वास.

मी चहा केला तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते, केस नीट विंचरून.

“आंघोळ नाही ना आज?” मी विचारलं.

“नाही. शौकतनं सांगितलंय ना.” त्यांनी बशीत चहा ओतला.

थोड्याच वेळात सगळी मंडळी हजर. खालून गलांडेकाकू तणतणत आल्या, पहाटेपासून पुन्हा ठिबकतंय म्हणून. त्यांच्यामागून भस्मेसर. शौकतला कुणी बोलावलं कोण जाणे, तोही आला. त्यानं ट्रेपाशी गुडघे टेकले, जाळी काढली, बोट घातलं.

“गेलं,” तो म्हणाला. “ओलं हाय. कुणीतरी पाणी वापरलंय, सर. माझी चूक न्हाई. मी कुराणावर हात ठेवून सांगतो.”

“अहो, पण कुणी?” भस्मेसरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. “दोन माणसांच्या घरात हे कळत नाही? थोरवडेवहिनी, असं असेल तर मी रविवारी माणसं बोलावतो. सुहासरावांनाही कळवतो.”

गलांडेकाकू अण्णांकडे वळल्या. “अण्णा, स्पष्ट विचारते, राग मानू नका. पहाटे तुम्हीच उठता. तुम्ही केली का आंघोळ?”

अण्णा खुर्चीचे हात धरून उठायला लागले. कुणी चौकशी केली तर उत्तर उभं राहून द्यायचं, ही डेपोतली सवय. गुडघ्यांनी साथ दिली नाही, ते अर्धवट तसेच राहिले. त्यांचं तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते मला आजही बघवत नाही. आंघोळ केली म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मग पुढचा प्रश्न.

“मी केली,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले.

“तुम्ही?” शौकत म्हणाला. “आवं, पण काल तर तुमीच...”

“माझा चौथा दिवस होता,” मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं. “डोक्यावरून न्हायचं होतं. अजून काही सांगू?”

भस्मेसर एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. शौकत पाना उचलून ट्रेच्या भोकात डोकं घालून बसला. भर हॉलमध्ये, सासऱ्यासमोर, असलं बोलणारी बाई त्यांनी बघितली नसावी. त्या विषयावर आणखी एक शब्द विचारायची दोघांचीही छाती नव्हती, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

राहिल्या गलांडेकाकू. त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा अंगावरून फार जात होतं, उभं राहवत नव्हतं, तर याच काकू मला रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या होत्या. चौथा-पाचवा मी तरुणपणीही पाळला नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि अण्णांनाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीत पुन्हा बसलेल्या अण्णांकडे, मग त्यांच्या खोलीच्या उघड्या दाराकडे. आत खिडकीच्या गजाला ते प्लास्टिक अडकवलेलं दिसत होतं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “बायकांचं असतं बाई एकेक. शौकत, परत भर ते.”

“काकू, मी म्हणलं होतं हे शेवटचं...”

“तू काय म्हणालास ते ऐकलं मी. गळतंय माझ्या डोक्यावर ना? मग मी सांगते, भर. आणि भस्मेसर, रविवारचं राहू द्या. एक दिवसानं काय माझं छत पडत नाही.”

जाताना त्या दारात थांबल्या. “माझ्याकडे मोठा टब आहे, रुंद काठांचा. पाठवून देते,” म्हणाल्या. कशाला, ते त्याही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

शौकतनं सांधा चौथ्यांदा भरला, आणि या वेळी काही न बोलता. मी लॅबला फोन करून रजा टाकली. मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीन होतं, तिथल्या पाण्याला वेगळी वाट होती. तिथं मी काकूंचा टब ठेवला. शेजारी जेवणाच्या टेबलाची हाताची खुर्ची ठेवली. साबण, मग, बादलीत पाणी भरून. जुनी साडी आडवी बांधून पडदा केला. खुर्चीच्या पाठीवर धुतलेलं धोतर आणि कोरडी चादर घडी करून टाकली. अण्णा खोलीतून हे सगळं ऐकत असणार. वस्तू सरकवल्याचे आवाज आमच्या घरात लपत नाहीत.

संध्याकाळी त्यांना जेवण वाढताना मी म्हटलं, “अण्णा, बाथरूमला मी बाहेरून दोरी बांधलीय. पहाटे काही लागलं तर गॅलरीत पाणी ठेवलंय. बसायला खुर्ची आहे. दिवा चालू राहू दे, अंधारात धडपडाल.”

त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. बराच वेळ कुस्करत राहिले.

“बरं,” म्हणाले.

सकाळी गॅलरीतली बादली रिकामी होती आणि वाळणीच्या दोरीवर चादर होती. चारही टोकांना चिमटे लावलेले, सुरकुती नाही. तिच्या शेजारी ते प्लास्टिक. उदबत्तीचा वास नव्हता.

शौकत दुपारी आला. त्यानं चिंध्यांचा बोळा करून ट्रॅपच्या तोंडात घट्ट कोंबला आणि ट्रे काठोकाठ भरला. पाणी तसंच उभं ठेवून आम्ही चहा प्यायलो. अण्णा दाराशी खुर्ची घेऊन त्या पाण्याकडे बघत बसले होते, गाडी अजून का सुटली नाही असं बघावं तसे. संध्याकाळपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. मग डक्टच्या खिडकीतून काकूंची हाक आली.

“उज्ज्वला! कोरडं आहे गं! बोट फिरवून बघितलं!”

शौकतनं बोळा ओढला. पाणी गर्रकन फिरून निघून गेलं. “जमलं एकदाचं,” तो म्हणाला आणि सामान आवरायला लागला.

मी सुहासभावजींना फोन केला. गळती थांबली, बाथरूम फोडायचं नाही, तुम्ही रविवारी येऊ नका असं सांगितलं. “नक्की ना? तुझीच ओढाताण होते म्हणून म्हणत होतो,” ते म्हणाले. तेही काही खोटं बोलत नव्हते. मी नक्की म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून थोडा वेळ उभी राहिले. माझे पंधरा दिवस त्या पाण्याबरोबर वाहून गेले होते.

ट्रेची ती गोष्ट तिथं संपली. सांधा पुढं कधी गळला नाही. अण्णा त्यानंतर चार वर्षं होते, याच घरात होते, आणि आता तेही नाहीत. ट्रे आहे. आता त्यातल्या स्टुलावर मी बसते.

पण त्या चार वर्षांतली एक पहाट सांगायची राहिली. शौकतनं काम संपवल्यानंतरच्याच आठवड्यातली. मी गाढ झोपेत होते. हाक आली, आधी झोपेतली वाटली.

“सूनबाई.”

मी डोळे उघडले नाहीत. वाटलं, जागी नाही असं दाखवावं. मग पुन्हा आली, जरा मोठ्यानं. इतक्या वर्षांत पहाटेची हाक त्यांनी मला कधी मारली नव्हती.

“सूनबाई, चादर ओली झालीय. मला एकट्याला जमत नाही.”

अंग जड झालं होतं. मी एकदा उशीत तोंड घातलं, मग उठले. त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पलंगाशेजारी भिंतीला हात लावून उभे होते, तोंड खिडकीकडे. मी ओली चादर ओढून काढली, कोरडी आणली. एक बाजू मी धरली. दुसरी धरायला ते वळले.

“त्या दिवशी तू त्या लोकांना जे सांगितलंस...” ते म्हणाले.

“आधी प्लास्टिक सरळ करा तुमच्या बाजूचं,” मी म्हटलं. “मग चादर घालू.”

त्यांनी ते नीट सरळ केलं, कोपरे धरून.